खरूज साबणाने धुतली जात नाही

‘खरूज म्हणजे अस्वच्छतेचा रोग’ हे वाक्य आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात इतक्या सहज बोललं जातं की त्याला पुरावा मागावा असं कुणाला वाटतच नाही. शहागंज, चेलीपुरा, राजाबाजार, सिटी चौक या जुन्या वस्तीचा विषय निघाला की ते हमखास येतं. याच वाक्याचं एक सौम्य रूपही ऐकू येतं: नळाला पाणी किती तरी दिवसांनी येतं, मग तिथल्या लोकांना खरूज होईल नाही तर काय होईल? पहिलं बोलणं तुच्छतेतून येतं, दुसरं कळवळ्यातून. निदान मात्र दोन्हींचं एकच आहे आणि ते साफ चुकीचं आहे. त्याची किंमत लेकरं रात्र रात्र जागून मोजतात, म्हणून ते खोडून काढायला हवं.

पाण्याचा मुद्दा आधी घेतो. जायकवाडीचं धरण पैठणला, इथून पन्नासेक किलोमीटरवर. आणि तरी शहराच्या नळांना रोज पाणी नाही, ही आपली जुनी आणि खरी तक्रार आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर खोदून या वस्तीपर्यंत पाणी खेळवलं. चारशे वर्षांनी आपण टँकरची वाट बघत बसतो, हे लाजिरवाणं आहे आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण ते भांडण खरजेच्या नावाने भांडू नये. उद्या शहागंजला चोवीस तास पाणी आलं तरी खरूज तिथेच राहील.

खरूज होते ती सार्कोप्टिस स्केबिआय नावाच्या किड्यामुळे. त्याची मादी अर्ध्या मिलीमीटरहूनही लहान, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढी दिसेल न दिसेल अशी. ती कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते, त्यातच महिना-दीड महिना जगते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि साधारण दोन आठवड्यांत नवी पिढी अंडी घालायला तयार होते. हा सगळा संसार कातडीच्या आत चाललेला असतो. साबण लावा, डेटॉल घाला, दगडाने अंग घासा, बोगद्यातल्या मादीला त्याचा पत्ताही लागत नाही. घासून कातडी सोलवटते तेवढीच, आणि सोलवटलेल्या जागी पू धरतो.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी नेदरलँड्सकडे बघावं. तिथे नळाला चोवीस तास पाणी, घरोघरी गरम पाण्याचे शॉवर. तरीही गेल्या काही वर्षांत त्या देशात खरजेचे रुग्ण वाढले, आणि ते प्रामुख्याने कॉलेजात शिकणारे, एकत्र राहणारे तरुण आहेत. युरोपातल्या वृद्धाश्रमांमध्येही तिचे उद्रेक होत असतात. त्या लोकांना कुणी घाणेरडं म्हणत नाही. शहागंजच्या गल्लीत तोच किडा, तीच खाज, पण तिथे आपण लगेच आंघोळीचा हिशोब मागतो.

खरजेला घाण लागत नाही, तिला कातडीला लागलेली कातडी हवी असते. तीही क्षणभर नाही, बराच वेळ. बाजारात कुणाचा धक्का लागला, दुकानदाराने सुटे पैसे हातावर ठेवले, कुणाशी हात मिळवला, एवढ्याने साधी खरूज सहसा लागत नाही. ती लागते एका अंथरुणात झोपल्याने, लेकरू कडेवर घेऊन फिरल्याने, आजीच्या कुशीत नातवंड झोपल्याने, नवरा-बायकोच्या सहवासाने. शहागंजच्या जुन्या वाड्यांच्या वाटण्या होत होत एकेका खोलीत एकेक कुटुंब आलं. चार भावंडं एका गोधडीत झोपतात. दुकानांत कामाला आलेली बाहेरगावची पोरं रात्री माळ्यावर अंगाला अंग लावून झोपतात. खरजेचं खरं कारण शोधायचं तर ते या दाटीत आहे. ज्या घरात जागा कमी आणि माया जास्त, तिथे ती लवकर पसरते. या लोकांना स्वच्छतेचे धडे देणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

हे आजचं नवं ज्ञानही नव्हे. औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला ते साल १६८७. त्याच साली इटलीत जोव्हान्नी कोसिमो बोनोमो या वैद्याने डियाचिंतो चेस्तोनी या औषधविक्याच्या जोडीने सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहिला आणि खरूज त्याच्यामुळेच होते, रक्तातल्या दोषामुळे नाही, असं शास्त्रज्ञ फ्रान्चेस्को रेदीला पत्राने कळवलं. त्यांना या शोधाची वाट दाखवली ती साध्या बायकांनी. मुलांच्या अंगातले किडे त्या टाचणीच्या टोकाने काढत असत. बोनोमोने त्याच पत्रात आणखी एक गोष्ट सांगितली: माणूस बरा झाल्यासारखा वाटला तरी आणखी काही दिवस मलम लावत राहा, कारण अंडी मागे राहिलेली असतात. सव्वातीनशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजही आपल्या औषधाच्या दुकानांतून गिऱ्हाइकाला क्वचितच मिळतो.

दुसरा पुरावा इंग्लंडमधला. दुसऱ्या महायुद्धात तिथे खरूज इतकी फैलावली की सरकार हादरलं. शेफिल्डमध्ये केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने १९४१ साली युद्धात लढायला नकार दिलेल्या तरुणांवर, त्यांच्या संमतीने, प्रयोग केले. खरजेच्या सैनिकांनी वापरलेल्या, न धुतलेल्या ब्लँकेटांत आणि कपड्यांत या तरुणांना झोपवलं. अपेक्षा अशी की सगळ्यांना खरूज होईल. प्रत्यक्षात फार थोड्यांना झाली. खरजेच्या माणसाशेजारी एका बिछान्यात झोपवल्यावर मात्र ती पकडली. ब्लँकेटं निर्जंतुक करत बसलेल्या लष्कराला त्यातून कळलं की औषध माणसांना द्यायचं असतं, आणि एकाला नाही, सगळ्यांना.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. खाज म्हणजे खरूज नव्हे. खाज ही आपल्या शरीराने किड्याच्या, त्याच्या अंड्यांच्या आणि विष्ठेच्या विरोधात उठवलेली ओरड आहे, आणि ती ओरड उशिरा सुरू होते. पहिल्यांदाच खरूज झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. हा महिना-दीड महिना त्याच्या कातडीत किडे नांदत असतात, तो ते इतरांना देतही असतो, आणि त्याला काहीही जाणवत नाही. एकदा होऊन गेलेल्याला दुसऱ्यांदा झाली तर मात्र एक ते चार दिवसांतच खाज सुटते, कारण शरीर आता शत्रूला ओळखतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. धाकट्याला खाज सुटली, म्हणून धाकट्यालाच डॉक्टरकडे नेलं, त्यालाच मलम लावलं. त्या रात्री तो पुन्हा त्याच गोधडीत, अजून खाजही न सुटलेल्या भावाशेजारी झोपला. तीन आठवड्यांनी भाऊ खाजवू लागला, त्याला नेलं. तोवर आईच्या मनगटांवर पुरळ आलं, आणि धाकट्याला पुन्हा लागण होऊन चार दिवसांत तो परत बेजार. घर म्हणतं औषध लागू पडत नाही. शेजारी म्हणतो हे लोक स्वच्छ राहत नाहीत. डॉक्टर दुसरं औषध लिहितो. औषध पहिल्यापासून बरोबर होतं. ते एकाला दिलं ही चूक. ज्याला खाज त्याला औषध हा नियम तापाला, खोकल्याला चालत असेल, खरजेला चालत नाही. इथे रुग्ण म्हणजे घर.

म्हणून उपचार असा आहे. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री औषध लावायचं. माळ्यावर झोपणाऱ्या कामगारांचं घर म्हणजे तो माळा, वसतिगृहातल्या मुलांचं घर म्हणजे ती खोली. सर्वाधिक वापरलं जाणारं औषध म्हणजे परमेथ्रिन पाच टक्के क्रीम. गळ्यापासून पायाच्या नखांपर्यंत, खाजतं तिथेच नाही तर सगळ्या अंगाला: बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, काखेत, बेंबीभोवती, कमरेवर, बसण्याच्या जागी, गुप्तांगावर, तळपायाला, नखांच्या खाली. लहान बाळांना आणि म्हाताऱ्यांना डोक्यावर आणि चेहऱ्यावरही लावावं लागू शकतं, ते डॉक्टरांना विचारावं. आठ ते चौदा तास ते अंगावर राहिलं पाहिजे, म्हणून रात्रीची वेळ. मध्ये हात धुतले तर हाताला पुन्हा लावायचं. सकाळी आंघोळ. आणि एका आठवड्याने हेच सगळं परत, मधल्या काळात फुटलेल्या अंड्यांसाठी. दुसरी फेरी चुकवणारे फार, कारण खाज थोडी कमी झालेली असते.

प्रौढ माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी जवळपास तीस ग्रॅम क्रीम लागतं. मेडिकलमधून एक लहान ट्यूब आणून ती पाच जणांत पुरवणारी घरं आहेत. त्या घरांनी औषध केलं असं म्हणता येत नाही. हा पैशाचा प्रश्न आहे, त्याकडे पुढे येतो.

कपड्यांचं काय, हा प्रश्न पाण्यापाशी अडतो. मागच्या तीन दिवसांत अंगाला लागलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत, हे खरं. पण पाणी नसेल तर? माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. गोधड्या, उशा, स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस कोपऱ्यात ठेवले की काम झालं. पाणी आठवड्याने येणाऱ्या घरातही हे जमतं. घर फिनाइलने धुणं, भिंतींवर औषध फवारणं, कुत्रं हाकलणं यांतलं काहीही करायची गरज नाही. कुत्र्याची लूत माणसाला लागली तरी चार दिवस खाजवून आपोआप जाते, तो किडा माणसावर वंश वाढवत नाही.

सगळ्यांत जास्त नुकसान ज्याने होतं त्याबद्दल मी मऊ शब्दांत लिहिणार नाही. खाजेवर म्हणून काउंटरवरून सर्रास दिली जाणारी ती ट्यूब, जिच्यात क्लोबेटासॉलसारखं तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी तिन्ही कालवलेली असतात. लावल्यावर दोन दिवसांत खाज बसते, म्हणून ती लोकप्रिय. स्टेरॉइड शरीराची ओरड दाबतं, किड्याला हातही लावत नाही. वरचं पुरळ निवळतं, आत किडे वाढत राहतात, आणि पुढे डॉक्टरने पाहिलं तरी खरूज ओळखू येत नाही इतकं तिचं रूप बदलतं. कातडी पातळ होते, तिच्यावर पांढरे पट्टे उठतात. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसात हीच खरूज खपल्यांची होते. एरवी अंगावर दहा-बारा माद्या असतात, तिथे हजारो, कधी लाखो किडे होतात. १८४८ साली नॉर्वेत कुष्ठरुग्णांमध्ये डॅनियलसन आणि बोक या डॉक्टरांनी तिचं वर्णन केलं. असा एक रुग्ण अख्खा वॉर्ड बाधित करू शकतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा स्टेरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. अट कागदावर आहे. दुकानांत ‘खाजेची ट्यूब द्या’ एवढं म्हणणं आजही पुरतं. नियम पाळायला लावणं हे अन्न व औषध प्रशासनाचं काम आहे आणि चिठ्ठी मागणं हे दुकानदाराचं कर्तव्य आहे.

घरगुती उपायांबद्दल मी सरसकट टाकून बोलणार नाही. गंधक हे खरोखरीचं औषध आहे. पाच ते दहा टक्के गंधकाचं मलम सलग तीन रात्री लावलं तर खरूज बरी होते, तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायकांना आजही ते दिलं जातं. वास येतो, कपडे डागाळतात, पण काम करतं. अट इतकीच की ते योग्य प्रमाणात बनवलेलं असावं आणि घरातल्या सगळ्यांनी लावावं. कडुनिंबाच्या पाण्याच्या आंघोळीला मात्र असं श्रेय देता येत नाही. तिने अंगाला बरं वाटेल, बोगद्यातला किडा मरेल याचा भरवसा धरू नये. रॉकेल आणि ब्लीचिंग पावडर अंगाला लावणं हा तर निव्वळ छळ आहे.

औषधाने किडे मेले तरी खाज लगेच थांबत नाही. मेलेले किडे, अंड्यांची टरफलं, विष्ठा कातडीतच असतात, आणि कातडी वरून झडून नवी येईपर्यंत दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. ही गोष्ट रुग्णाला कुणी आधी सांगत नाही. मग तो घाबरतो, रोज क्रीम फासतो, आणि क्रीमनेच कातडी चुरचुरून खाज वाढते. या दिवसांत खाजेला आराम द्यायचा तो वेगळ्या मार्गाने: रात्री डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅलर्जीची गोळी, कॅलामाइन लोशन, गार पाण्याच्या पट्ट्या, खोबरेल तेल, सुती सैल कपडे आणि कापलेली नखं. चार आठवड्यांनंतरही खाज तशीच असेल किंवा नव्या पुळ्या येत असतील, तर परत डॉक्टरकडे जायला हवं.

‘हल्ली परमेथ्रिन चालतच नाही’ असंही ऐकू येतं, आणि हा आक्षेप हसण्यावारी न्यावा असा नाही. युरोपातून किड्याने या औषधाला दाद न दिल्याच्या नोंदी आल्या आहेत. पण अर्ध्या अंगाला लावलेलं, तीन तासांत धुतलेलं, एकाच माणसाला दिलेलं, दुसरी फेरी चुकलेलं औषध हरलं की दोष किड्याच्या ताकदीला देणं घाईचं आहे. आधी रीत तपासावी. रीत बरोबर असूनही खरूज हटली नाही, तर डॉक्टरांकडे दुसरी औषधं आहेत.

त्यांतलं एक म्हणजे आयव्हरमेक्टिनची गोळी. वजनाच्या दर किलोला दोनशे मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला बारा मिलिग्रॅम, आणि एक-दोन आठवड्यांनी परत. पंधरा किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना ती देत नाहीत. ज्या संशोधनातून हे औषध निघालं त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी फिजी बेटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे काही बेटांवर सगळ्या रहिवाशांना, खाज असो नसो, ही गोळी दिली. वर्षभरात खरजेचं प्रमाण बत्तीस टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या खाली आलं. जिथे फक्त खरूज झालेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना क्रीम दिलं गेलं, तिथे ते निम्म्यानेच घटलं. पिकलेल्या जखमाही गोळीच्या बेटांवर दोन तृतीयांशांनी कमी झाल्या. या जखमांना क्षुल्लक समजू नका. खाजवून फुटलेल्या कातडीत स्ट्रेप्टोकोकस शिरतो, आणि त्यातून मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. पोराला खरूज आहे आणि सकाळी त्याचा चेहरा सुजतोय, लघवी चहासारखी होतेय, असं दिसलं तर त्याच दिवशी घाटी रुग्णालय गाठा.

आता पैशाचं. सहा जणांच्या घराला दोन फेऱ्यांचं क्रीम परवडत नाही, हे हातगाडीवर भाजी विकणाऱ्या कुटुंबाला सांगायला लागत नाही. म्हणजे खरजेचा उपचार सार्वजनिक असायला हवा. ‘आपल्याकडे गोळ्या घरोघरी कशा वाटणार?’ असं विचारणाऱ्यांना मी आपल्याच राज्याकडे बोट दाखवतो. २०१९ साली नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगासाठी आयव्हरमेक्टिनसह तीन औषधं आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन, समोर खायला लावली. शेजारच्या गोव्यात तर मे २०२१ मध्ये सरकारने अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला करोनासाठी हीच गोळी पाच दिवस द्यायचं जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटना त्या वापराच्या विरोधात होती, आणि पुढे मोठ्या चाचण्यांतही करोनावर तिचा उपयोग दिसला नाही. ज्या रोगावर ती चालते त्या खरजेसाठी देशात राष्ट्रीय कार्यक्रम नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरूज दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातली, जगात कुठल्याही क्षणी वीस कोटींहून अधिक लोकांना ती असते असा तिचाच अंदाज आहे. आपल्याकडे अजून ती आंघोळीचा विषय आहे.

महानगरपालिकेने शहागंज आणि भोवतालच्या वस्तीत आधी मोजणी करावी. घरोघरी जाऊन, वसतिगृहांत, मदरशांत, कामगारांच्या माळ्यांवर बोटांच्या बेचक्या तपासायला आशाताईंना दोन तासांत शिकवता येतं. जिथे खरूज सापडेल तिथे अख्ख्या घराला औषध फुकट द्यावं, आणि दुसरी फेरी आशाताईंनीच येऊन करून घ्यावी. डॉक्टरांनी एकाच्या नावाची चिठ्ठी लिहू नये. घरात किती माणसं झोपतात ते विचारून तितक्यांचं औषध लिहावं आणि एकच तारीख लिहावी. शाळांनी खरजेच्या मुलाला पंधरा दिवस घरी धाडू नये. पहिल्या रात्रीचं औषध पूर्ण झालं की तो दुसऱ्या दिवशी वर्गात बसू शकतो.

आणि तुमच्या घरात कुणी रात्री खाजवत उठत असेल, तर त्याचं अंथरूण वेगळं करून त्याला लाजवू नका. रविवारची रात्र ठरवा, सगळे मिळून औषध लावा, आणि पुढच्या रविवारी परत लावा.